उजेड असलेल्या हॉलसाठी प्रोजेक्टर आणि स्क्रीन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या फ्लॅटमध्ये सिनेमासाठी वेगळी खोली राखणं फार थोड्यांना जमतं. जे पाहायचं ते हॉलमध्येच. आणि हॉल म्हटला की बाल्कनी आली, ट्यूब आली, स्वयंपाकघरातून येणारा उजेड आला, जाणारी-येणारी माणसं आली. खालची उत्तरं अशाच हॉलसाठी आहेत. बहुतेकजण आधी "कोणता प्रोजेक्टर घेऊ?" असं विचारतात. माझा क्रम याच्या उलट आहे: आधी स्क्रीनवर पडणारा उजेड, मग स्क्रीन, आणि शेवटी प्रोजेक्टर. पैसेही याच क्रमाने खर्च करावेत असं मला ठामपणे वाटतं.

हॉलमध्ये दिवा लागला की चित्र फिकट का पडतं?

कारण प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. तो फक्त प्रकाश टाकतो. चित्रात जिथे काळं आहे तिथे तो काहीच टाकत नाही, आणि तिथे आपल्याला उघडी स्क्रीन दिसते. ट्यूबच्या उजेडात ती स्क्रीन करडी दिसत असेल, तर चित्रातलं काळंही तेवढंच करडं दिसणार. नायिकेचे केस, रात्रीचं आकाश, काळा कोट, सगळं राखेच्या रंगाचं.

एक हिशेब करून पाहू, कारण पुढची बरीच उत्तरं त्यावर उभी आहेत. १०० इंची, १६:९ आकाराची स्क्रीन साधारण २२१ सेंमी रुंद आणि १२४ सेंमी उंच असते, म्हणजे पावणेतीन चौरस मीटर. ल्युमेन म्हणजे यंत्रातून निघणारा एकूण प्रकाश, आणि लक्स म्हणजे त्यातला दर चौरस मीटरवर पडणारा. खरोखरच २००० ल्युमेन देणारा प्रोजेक्टर तिच्यावर सुमारे ७२५ लक्स प्रकाश पाडतो. त्याच स्क्रीनवर खोलीतला १०० लक्स उजेड पडत असेल, तर सर्वांत उजळ भाग ८२५ आणि सर्वांत काळा भाग १००. पांढरं काळ्याच्या जेमतेम आठपट. आता ४००० ल्युमेनचा प्रोजेक्टर आणला तर हे प्रमाण साडेपंधरापटीवर जातं. पण २००० ल्युमेनचाच ठेवून, पडदे ओढून आणि समोरची ट्यूब बंद करून खोलीतला उजेड २० लक्सवर आणला, तर सदतीसपट! दुप्पट ताकदीच्या यंत्राला जे जमत नाही ते दोन पडदे आणि एक बटण करून दाखवतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. भिंतीवरची २० वॅटची साधी एलईडी ट्यूबही सुमारे २००० ल्युमेनच देते. प्रोजेक्टरशी ती ताकदीने बरोबरीची आहे. म्हणून स्क्रीनच्या समोरच्या भिंतीवर असलेली ट्यूब सर्वांत घातक. तिच्याऐवजी सोफ्यामागे किंवा कोपऱ्यात, शेड खाली वळवलेला एखादा पिवळसर दिवा लावला तर घरात वावरायला उजेड मिळतो आणि स्क्रीनवर त्यातला फारच थोडा पोहोचतो.

माझ्या हॉलमध्ये किती उजेड आहे ते कसं मोजायचं?

फोनवर लक्स मोजणारं एखादं फुकट ॲप घ्या. स्क्रीन जिथे लागणार आहे त्या भिंतीच्या मधोमध फोनची पाठ टेकवा, काचेची बाजू खोलीकडे ठेवा आणि आकडा वाचा. आपला हात किंवा अंग आडवं येऊ देऊ नका. फोनचं माप काटेकोर नसतं, पण या कामाला पुरतं. दुपारी पडदे उघडे असताना, दुपारी पडदे ओढून, आणि रात्री तुम्ही एरवी लावता ते दिवे लावून, असं निदान तीन वेळा मोजा.

आकडा २०च्या आत असेल तर कुठलाही बरा प्रोजेक्टर तुम्हाला आनंद देईल. २० ते ५०मध्ये उजेड परतवणारी स्क्रीन खरी कामाला येते. त्यापुढे दीडशेपर्यंत क्रिकेट, बातम्या, मालिका, लहान मुलांची कार्टून छान दिसतील, पण रात्रीची दृश्यं असलेला सिनेमा दिसणार नाही. दिवसभर २००च्या वर असेल आणि पडदे ओढायची घरात कोणाचीच तयारी नसेल, तर टीव्हीबद्दलचा प्रश्न खाली आहे, तो आधी वाचा.

मग किती ल्युमेन घ्यावेत?

सिनेमागृहात पडद्याचा उजळपणा १४ फूट-लँबर्ट, म्हणजे ४८ निट्स धरतात. तेवढ्यासाठी १०० इंची साध्या पांढऱ्या स्क्रीनला पूर्ण अंधारात सव्वाचारशे ल्युमेनच्या आसपास पुरतात. बाकीचे सगळे ल्युमेन आपण खोलीतल्या उजेडाशी झगडण्यासाठी विकत घेतो. पडदे ओढून रात्री पाहणार असाल तर खरे १५०० ते २००० भरपूर झाले. दिवा लावून, गप्पा मारत पाहायचं असेल तर २५०० ते ३०००. दुपारचा सामना दहा जण बसून पाहणार असतील तर ३०००च्या खाली जाऊ नका.

'खरे' हा शब्द मी मुद्दाम पुन्हा पुन्हा वापरतोय. खोक्यावरचा आकडा बहुधा सर्वांत भगभगीत मोडमधला असतो, ज्यात माणसांचे चेहरे हिरवट दिसतात. रंग नीट दिसणाऱ्या सिनेमा मोडमध्ये उजळपणा बऱ्याचदा तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त उतरतो. खरेदी करताना तेवढी कात्री लावूनच हिशेब करा.

ऑनलाइन दहा हजारांत ९००० ल्युमेनचा, '४के'चा प्रोजेक्टर दिसतोय. घेऊ का?

उजेडाच्या हॉलसाठी अजिबात नको. नुसतं 'ल्युमेन' लिहिलं असेल तर त्यामागे कुठली मोजणी आहे हे कळत नाही. ॲन्सी ल्युमेन किंवा आयएसओ ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या प्रमाणित पद्धतीने मोजलेले, असं लिहिलेलं असेल तरच तो आकडा विचारात घ्या. या स्वस्त यंत्रांचे ॲन्सी ल्युमेन बहुधा काही शेकड्यांतच निघतात. '४के'चंही तसंच. '४के सपोर्टेड' याचा अर्थ ४केचा व्हिडिओ आत घेतो एवढाच. चित्र दिसतं ते मूळ रिझोल्यूशनमध्ये, आणि ते ७२०पी किंवा १०८०पी असू शकतं. माहितीत 'नेटिव्ह रिझोल्यूशन' काय लिहिलंय ते शोधा. अशा यंत्रांतली ॲप्स अधिकृत नसतील तर ओटीटीवरचं चित्रही बऱ्याचदा ४८०पीसारख्या कमी दर्जावर अडकतं. तेव्हा वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावणं बरं.

साधी पांढरी स्क्रीन, राखाडी की एएलआर?

इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून सविस्तर सांगतो.

मॅट पांढरी स्क्रीन आपल्यावर पडणारा सगळा प्रकाश सगळ्या दिशांना सारखा पसरवते. प्रोजेक्टरचा प्रकाश कुठला आणि खिडकीचा कुठला हे तिला कळत नाही. अंधाऱ्या खोलीत तिच्याइतकं नैसर्गिक चित्र दुसरी कुठलीच स्क्रीन देत नाही, आणि ती स्वस्तही असते.

राखाडी स्क्रीनवर काळं जास्त काळं दिसतं हे खरं, पण ती प्रोजेक्टरचा प्रकाशही त्याच प्रमाणात गिळते. वरच्या हिशेबातलं आठपटीचं प्रमाण आठपटच राहतं. दोन्ही आकडे खाली येतात इतकंच. पांढऱ्या भिंती आणि छतावरून परत येणारा प्रोजेक्टरचा स्वतःचा उजेड दाबायला तिची थोडी मदत होते. खिडकीच्या उजेडावर ती उपाय नाही.

एएलआर म्हणजे खोलीतला उजेड परतवणारी स्क्रीन. तिचा पृष्ठभाग असा घडवलेला असतो की ठरावीक दिशेने आलेला प्रकाश प्रेक्षकांकडे जातो आणि इतर दिशांचा बाजूला वळतो किंवा शोषला जातो. आठपटीचं प्रमाण खरोखर वाढवते ती हीच. पण 'ठरावीक दिशा' कोणती हे प्रत्येक प्रकारात वेगळं असतं, आणि इथेच हजारो रुपये वाया जातात.

लांबून टाकणाऱ्या प्रोजेक्टरसाठीची एएलआर स्क्रीन थोडीफार आरशासारखी वागते. छताजवळून आलेला किरण ती खाली, सोफ्याकडे पाठवते. प्रोजेक्टर छताला टांगलेला असेल तर हे उत्तमच. मात्र प्रोजेक्टर स्क्रीनच्या रुंदीच्या निदान दीडपट अंतरावर हवा. त्याहून जवळ आणलात तर मधोमध चकाकणारा डाग दिसतो आणि कडा अंधारतात.

अल्ट्रा शॉर्ट थ्रो म्हणजे स्क्रीनच्या अगदी जवळ, खाली ठेवायचा प्रोजेक्टर. त्यासाठीच्या लेंटिक्युलर स्क्रीनवर करवतीच्या दात्यांसारख्या आडव्या बारीक रेषा असतात. दात्याची वरची बाजू काळी, खालची परावर्तक. खालून येणारा प्रोजेक्टरचा प्रकाश समोर येतो, छतावरच्या दिव्याचा गिळला जातो. या स्क्रीनवर छताला टांगलेल्या प्रोजेक्टरने चित्र टाकलं तर ते मरतं, कारण तो प्रकाशही वरूनच येतो. यंत्र आणि स्क्रीन यांची जोडी जुळली नाही तर साध्या पांढऱ्या स्क्रीनपेक्षाही वाईट दिसतं.

तिसरा प्रकार फ्रेनेलचा. त्यात रेषा आडव्या नसून वर्तुळाकार असतात, सगळ्यांचा रोख खाली ठेवलेल्या अल्ट्रा शॉर्ट थ्रोच्या लेन्सकडे. त्यामुळे वरचाच काय, बाजूचाही उजेड ती बराच परतवते. चित्र जास्त उजळ दिसतं, पण फार बाजूला बसलेल्याला अंधूक.

आमच्या हॉलमध्ये बाल्कनी स्क्रीनच्या शेजारी येते. एएलआर चालेल?

मुंबईतल्या बहुतेक घरांचा हाच प्रश्न आहे. आपला हॉल लांबट असतो: एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकी किंवा बाल्कनी. टीव्हीची जागा लांब भिंतीवर, समोर सोफा. म्हणजे दिवसाचा सगळा उजेड स्क्रीनवर बाजूने येतो. लेंटिक्युलर स्क्रीन वरचा उजेड गिळते. बाजूचा तिला फारसा अडवता येत नाही. दुकानदाराने छतावरचे दिवे लावून-मालवून दाखवलेला फरक पाहून तुम्ही खूश व्हाल, आणि घरी आल्यावर बाल्कनीच्या बाजूचा अर्धा भाग फिका दिसेल.

अशा हॉलमध्ये दोन मार्ग आहेत. एक, फ्रेनेल स्क्रीन आणि अल्ट्रा शॉर्ट थ्रो. दुसरा, बाल्कनीला जाड पडदा लावून बाजूचा उजेडच थांबवणं. दुसरा मार्ग कितीतरी स्वस्त आहे आणि पहिल्यालाही त्याची जोड लागतेच. स्क्रीन खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर लावायची पाळी असेल तर कुठलीही एएलआर वाचवू शकणार नाही, कारण तो उजेड प्रेक्षकांच्याच दिशेने येतो. जमलं तर स्क्रीन खिडकीच्याच भिंतीवर, पडद्यापुढे उतरणारी लावा. खिडकीकडे स्क्रीनची पाठ झाली की थेट उजेड तिच्यावर पडतच नाही. मात्र कडेने येणारा उजेड डोळ्यांत जातो, म्हणून पडदा स्क्रीनपेक्षा रुंद हवा.

लांबून टाकणारा की अल्ट्रा शॉर्ट थ्रो?

थ्रो रेशो म्हणजे लेन्सपासून स्क्रीनचं अंतर भागिले चित्राची रुंदी. १०० इंची चित्राची रुंदी सव्वासात फूट. १.२ रेशोला पावणेनऊ फूट लागतात, १.५ला जवळजवळ अकरा. हॉलची रुंदी दहा फूट असेल तर प्रोजेक्टरची स्वतःची लांबी आणि मागच्या वायरी धरून १.२चा जेमतेम मावतो, १.५चा मावतच नाही. आणि वर सांगितलेली दीडपटीची अट पाळायची म्हटलं तर लांब पल्ल्याची एएलआरही बाद. म्हणून अरुंद हॉलमध्ये अल्ट्रा शॉर्ट थ्रोचा विचार होतो.

त्याचा रेशो ०.२५च्या आसपास असतो. १०० इंचांसाठी लेन्स स्क्रीनपासून साधारण ५५ सेंमीवर येते. आपलं टीव्ही युनिट १६-१८ इंच खोल असतं, त्यामुळे ते भिंतीपासून पुढे ओढावं लागतं किंवा सरकती फळी करून घ्यावी लागते. सुताराला बोलावण्याआधी त्या मॉडेलचा अंतराचा तक्ता हातात असू द्या. स्क्रीन मात्र ताठ चौकटीवरचीच घ्या. किरण इतक्या तिरप्या कोनात येतात की कापडाची एक सुरकुतीही लाटेसारखी दिसते. घरात रांगतं मूल असेल तर आणखी एक काळजी: लेन्स त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. समोर कोणी आलं की प्रकाश आपोआप मंद करणारा सेन्सर असलेलंच यंत्र घ्या.

लांबून टाकणारा छताला लावणार असाल तर पंखा विसरू नका. हॉलच्या मधोमध पंखा, त्याची पाती छतापासून फूटभर खाली, आणि किरणांची वाट नेमकी तिथूनच. ब्रॅकेट ठोकण्याआधी प्रोजेक्टरच्या जागेपासून स्क्रीनच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत सुतळी ताणून पाहा. सुतळी पात्यांना शिवत असेल तर प्रोजेक्टर खाली घ्या किंवा बाजूला सरकवा. सरकवताना चित्र सरळ करायला लेन्स शिफ्ट, म्हणजे लेन्सच सरकवायची सोय असलेलं मॉडेल लागतं. डिजिटल कीस्टोन, म्हणजे सॉफ्टवेअरने चित्र सरळ करायची सोय, चित्र आतल्या आत कापून तिरकं बसवतं, त्यात पिक्सेल आणि उजेड दोन्ही वाया जातात. ब्रॅकेटचे स्क्रू पीओपीच्या छतात नकोत, ते वरच्या स्लॅबमध्येच जायला हवेत.

भिंतीवरच टाकलं तर?

रात्री, पडदे ओढून, लांबून टाकणाऱ्या प्रोजेक्टरने, गुळगुळीत पुट्टी केलेल्या मॅट पांढऱ्या भिंतीवर चित्र चांगलं दिसतं. पहिले काही महिने असंच पाहा, आकार नक्की ठरू द्या, मग स्क्रीनला पैसे घाला. अल्ट्रा शॉर्ट थ्रो भिंतीवर नको. प्लास्टरचा प्रत्येक उंचवटा दिसतो.

डीएलपी की थ्रीएलसीडी?

प्रोजेक्टरमध्ये चित्र तयार करायच्या या दोन पद्धती. डीएलपीच्या मुळाशी असलेली बारीक आरशांची चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७मध्ये तयार केली. घरगुती डीएलपीमध्ये एकच चिप असते आणि ती लाल, हिरवा, निळा रंग एकामागून एक दाखवते. काही जणांना त्यामुळे नजर फिरवताना इंद्रधनुष्यासारखी झाक दिसते. घरातल्या सगळ्यांना नेऊन आधी दाखवा, कारण ज्याला ती दिसते त्याला ती दिसतच राहते.

थ्रीएलसीडीत तीन रंगांसाठी तीन वेगळे पॅनेल असतात, त्यामुळे रंगांचा उजळपणा पांढऱ्याइतकाच मिळतो. रंग एकामागून एक आणणाऱ्या फिरत्या चाकात पांढरा तुकडाही असलेल्या डीएलपीमध्ये पांढऱ्याचे ल्युमेन जास्त आणि रंगांचे कमी भरतात. उजेडात क्रिकेटचं हिरवं मैदान मळकं दिसतं ते यामुळे. दिवा लावून पाहणाऱ्यांना मी म्हणूनच थ्रीएलसीडीकडे झुकायला सांगतो. पण थ्रीएलसीडीत धूळ जाऊ शकते, आणि शेजारी रीडेव्हलपमेंटचं काम चालू असेल तर फिल्टर महिन्याला साफ करायची शिस्त लागते.

प्रकाशाचा स्रोत शक्यतो लेसर किंवा एलईडी घ्या. त्यांचं आयुष्य बहुधा २०,००० तासांच्या घरात सांगितलं जातं, तर प्रोजेक्टरमधल्या साध्या दिव्याचं काही हजार तास. रोज संध्याकाळी लावायचं यंत्र असेल तर हा फरक लवकर कळतो.

४के आणि एचडीआरसाठी जास्त पैसे मोजावेत का?

दहा फुटांवरून १०० इंची चित्र पाहताना ४केचा फरक दिसतो, परवडत असेल तर घ्या. एचडीआर म्हणजे फार उजळ आणि फार गडद भागांतले बारकावे जपणारं चित्र. त्याचा खरा कस काळ्याभोर सावल्यांत लागतो, आणि उजेडातल्या हॉलमध्ये त्याच सावल्या आधी जातात. त्यासाठीचे पैसे पडद्यांना द्या.

पडदे कसे असावेत?

मागे ब्लॅकआउटचा थर असलेलं कापड घ्या. मंगळदास मार्केट किंवा दादरच्या हिंदमाताला फिरलात तर हातात घेऊन पाहता येईल. कापड फोनच्या टॉर्चपुढे धरा, पलीकडे उजेड दिसता कामा नये. रॉड खिडकीच्या चौकटीला न लावता छताजवळ लावा आणि दोन्ही बाजूंना निदान सहा-सहा इंच जास्त घ्या. बहुतेक उजेड कापडातून येत नाही, फटींतून येतो. पश्चिमेच्या खिडकीला हे जास्तच लागू, संध्याकाळचं तिरपं ऊन आतपर्यंत पोहोचतं. पडदे ओढले की वारा बंद होतो, त्यामुळे उन्हाळ्यात एसीचा किंवा टेबलफॅनचा विचार याच खर्चात धरा. स्क्रीनभोवतीची भिंत आणि तिच्यावरचा दोन-तीन फूट छताचा पट्टा गडद मॅट रंगात रंगवला तर रात्रीचं चित्र लगेच खोल दिसू लागतं. घरच्यांना गडद भिंत पटवणं अवघड जातं हे मला माहीत आहे, तरी निदान करडा, मातकट, गडद निळा यांपैकी काहीतरी सुचवून पाहा.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

बऱ्याच प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात कमाल ८० टक्के आर्द्रता लिहिलेली असते, आणि जुलैत मुंबईची हवा सहज त्यापुढे जाते. यंत्र बंद करून महिनोन् महिने ठेवलं तर लेन्सवर बुरशी धरू शकते. दोन-तीन दिवसांआड अर्धा तास तरी चालू करा, त्याची स्वतःची ऊब ओल घालवते. गावी जाणार असाल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. गुंडाळायची स्क्रीन ओलसर असताना वर ओढू नका. आणि पंख्याच्या वाऱ्याने हलणारी स्क्रीन नको असेल तर दोन्ही कडांना दोरीने ताण दिलेली, टॅब टेन्शनची घ्या.

इतकं करण्यापेक्षा मोठा टीव्हीच बरा नाही का?

काही घरांसाठी, होय. आजी-आजोबा दुपारी मालिका पाहतात, मुलं अभ्यासाला हॉलमध्येच बसतात, दिवे बंद करणं शक्यच नाही, अशा घरात ६५ किंवा ७५ इंची टीव्ही घ्या. भर उजेडात त्याच्याशी प्रोजेक्टरने बरोबरी करायची म्हणजे बराच जास्त खर्च. पण रात्री जेवणं उरकल्यावर दोन तास सगळे मिळून सिनेमा पाहणारं घर असेल, तर १०० इंचांवर जे मिळतं ते टीव्हीवर मिळत नाही. लहान टीव्ही दिवसाला आणि त्याच्यापुढे उतरणारी स्क्रीन रात्रीला, ही जोडी मुंबईच्या हॉलला फार छान बसते.

दुकानात पाहायला गेल्यावर काय विचारावं?

लॅमिंग्टन रोडला जा, मॉलमधल्या शोरूममध्ये जा, पण डेमो अंधाऱ्या खोलीत पाहून परत येऊ नका. दिवे लावायला सांगा आणि फोनने त्यांच्या स्क्रीनवरचे लक्स मोजा. तुमच्या घरच्या आकड्याच्या जवळ आणा. बाजूने दिवा धरायला सांगा. भडक डेमो व्हिडिओ बाजूला ठेवून रात्रीचं दृश्य असलेला, तुमच्या ओळखीचा सिनेमा लावा. सोफ्याच्या टोकाला बसल्यासारखं कडेला जाऊन पाहा. एएलआर स्क्रीनचा हातभर नमुना घरी न्यायला मिळतो का ते विचारा. मिळाला तर तुमच्याच भिंतीवर, तुमच्याच उजेडात साध्या पांढऱ्या कागदाशेजारी लावून पाहता येतो. २२ सप्टेंबर २०२५पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दरपत्रकावर सौदा करू नका.

१०० इंची स्क्रीन घरापर्यंत येईल ना?

मागवण्याआधी खोक्याची लांबी विचारा. चौकटीच्या पट्ट्या मधोमध जोडायच्या असतील आणि कापड गुंडाळलेलं असेल तर खोकं लांब पण सडपातळ असतं. पट्ट्या अखंड असतील तर ते सात फुटांच्या पुढे जातं, आणि ताठ फ्रेनेल स्क्रीनचं खोकं रुंदही असतं. लिफ्टची आतली उंची आणि तिरपी लांबी, जिन्याचं वळण आणि तुमच्या दाराबाहेरचा पॅसेज टेपने मोजा. लिफ्टमध्ये मावत नसेल तर जिन्याने चढवायची मजुरी कोण देणार आणि वाटेत कोपरा दबला तर बदलून मिळणार का, हे बिलावरच लिहून घ्या.